‘मेघदूत’ वाचायला देव मानावे लागतात का?

प्रश्न असा आला आहे: “शाळेत संस्कृत घेतलं ते गुणांसाठी. आता चाळिशीत मेघदूत वाचायला बसलो, तर दर दोन-चार श्लोकांनी शंकर, विष्णू, कार्तिकेय. मी धार्मिक नाही. हे साहित्य आहे की धर्मग्रंथ? देवधर्म बाजूला ठेवून नुसतं काव्य वाचता येईल का? आणि हे सगळं फक्त हिंदूंचंच का?”

देव मानले नाहीत तरी चालतं. देवघरात काय चालतं, ते मात्र ठाऊक हवं. विदर्भातल्या एका कॉलेजात मी एकतीस वर्षं संस्कृत शिकवलं, आता दर शनिवारी सात-आठ जणांना घेऊन वाचायला बसते. तुमचा प्रश्न माझ्याकडे दोन्ही बाजूंनी येतो. तुमच्यासारखे लोक म्हणतात, देव वगळून वाचू. दुसरे म्हणतात, “बाई, कालिदास एवढा शिवभक्त, मग हे असलं शृंगारिक कशाला लिहिलं?” काव्यात धर्म असेल तर तो स्तोत्रातल्यासारखा असणार, असं दोघंही धरून चालतात, आणि घोटाळा तिथेच होतो. कालिदासाकडे धर्म येतो तो तिथींतून, पूजेच्या वेळांतून, होमाच्या धुरातून. उपदेशात तो फारसा सापडत नाही.

उत्तरमेघाच्या, म्हणजे काव्याच्या दुसऱ्या भागाच्या, शेवटाकडचा हा श्लोकार्ध बघा. शापामुळे बायकोपासून दूर पडलेला यक्ष मेघाकरवी तिला निरोप देतो: ‘शापान्तो मे भुजगशयनादुत्थिते शार्ङ्गपाणौ, शेषान्मासान्गमय चतुरो लोचने मीलयित्वा.’ शार्ङ्गपाणी, म्हणजे विष्णू, सापाच्या अंथरुणावरून उठला की माझा शाप संपेल. उरलेले चार महिने डोळे मिटून काढ. वर्गात मी हा श्लोक फळ्यावर लिहून विचारत असे, हा दिवस कोणता? एका वर्षी सगळा वर्ग गप्प. मागच्या बाकावरची एक मुलगी, जी एरवी तोंड उघडत नसे, हळूच म्हणाली, “कार्तिकी एकादशी ना? आमची आजी कांदेनवमीला भजी खाऊन जे कांदा-वांगं सोडते, ते देव उठल्यावरच धरते.” झालं, श्लोक सुटला. आषाढीला देव निजतात, कार्तिकीला उठतात, मधले चार महिने चातुर्मास. त्या मुलीला ‘भुजगशयन’ या समासाचा विग्रह सांगता आला नसता. श्लोक मात्र सगळ्यांत आधी तिला कळला.

आणि कळला म्हणजे काय कळलं? नुसती तारीख नव्हे. विरहिणीला ‘एकशे वीस दिवस थांब’ असं सांगणं वेगळं आणि ‘देव उठेपर्यंत थांब’ असं सांगणं वेगळं. अख्खं जग ज्या मुदतीत व्रतं धरून बसलंय, त्याच मुदतीत तुझाही विरह. ‘लोचने मीलयित्वा’ आता पुन्हा वाचा. तिकडे देव डोळे मिटून पडलाय, इकडे हिलाही डोळे मिटायला सांगितलंय. हे मी कुठल्या टीकेत वाचलेलं नाही, शिकवता शिकवता सुचलं. पटलं तर घ्या.

याच गणितावरून टीकाकारांत एक मजेशीर वाद आहे. आपण सगळे ‘आषाढस्य प्रथमदिवसे’ म्हणतो, कालिदास दिनही त्याच तिथीला साजरा करतो. काश्मीरचा टीकाकार वल्लभदेव मात्र ‘प्रशमदिवसे’ असा पाठ घेतो, म्हणजे आषाढ संपतानाचा दिवस. त्या बाजूने दाखला असा, की पुढे लगेच ‘प्रत्यासन्ने नभसि’, श्रावण जवळ आला असताना, असं म्हटलंय. दुसरा टीकाकार मल्लिनाथ ‘प्रथम’ला धरून राहतो. तसं केलं की कार्तिकी एकादशीपर्यंत चार महिने आणि वर दहा दिवस होतात. ते दहा दिवस कवीला मोजायचे नाहीत, असं सांगून मल्लिनाथ मोकळा होतो. आपल्या अमान्त, म्हणजे अमावास्येला संपणाऱ्या, महिन्याने मोजलं तर मल्लिनाथाचा हिशेब जवळचा वाटतो. उत्तरेकडच्या पौर्णिमान्त, पौर्णिमेला संपणाऱ्या, महिन्याने मोजा, पारडं फिरतं: आषाढी पौर्णिमेपासून कार्तिकीपर्यंत चार महिन्यांना चारच दिवस कमी. मी दोन्ही पाठ शिकवते. सांगायचा मुद्दा एवढाच, की एका अक्षराचा निकाल लावायला इथे व्याकरण पुरत नाही, पंचांग उघडावं लागतं.

आता उज्जयिनी. पूर्वमेघातले चार श्लोक सलग वाचा, एक सोडून दुसरा नको. यक्ष मेघाला म्हणतो, महाकालाच्या देवळी वेळेआधी पोचलास तरी सूर्य मावळेपर्यंत थांब, कारण संध्याकाळच्या पूजेत तुझा गडगडाट नगाऱ्याचं काम करेल आणि गर्जनेचं पूर्ण फळ तुझ्या पदरात पडेल. इथपर्यंत भक्ती. पुढच्याच श्लोकात त्या देवळात चवऱ्या ढाळून हात दुखलेल्या वेश्या आहेत. त्यांच्या अंगावरच्या नखांच्या ओरखड्यांवर तुझे पहिले थेंब पडले की त्यांना बरं वाटेल आणि भुंग्यांच्या रांगेसारखे लांब कटाक्ष त्या तुझ्याकडे टाकतील. त्याच्या पुढच्या श्लोकात पुन्हा शिव. चौथ्यात रात्रीच्या काळोखात प्रियकराकडे निघालेल्या स्त्रिया: कसोटीवर ओढलेल्या सोन्याच्या रेघेसारखी वीज चमकवून त्यांना वाट दाखव, पण गरजू नकोस, बिचाऱ्या घाबरतील.

यातला तिसरा श्लोक मला सगळ्यांत आवडतो. शिवाचं तांडव सुरू होणार. गजासुराला मारून त्याचं रक्ताने ओलं कातडं पांघरून नाचायची त्याला हौस. पार्वतीला ते बघवत नाही. वेरूळला अंधकासुरवधाच्या शिल्पात शिवाने डोक्यामागे ताणून धरलेलं हत्तीचं कातडं तुम्ही पाहिलं असेल, ते डोळ्यांपुढे आणा. यक्ष मेघाला म्हणतो: संध्याकाळी ताज्या जास्वंदीसारखा लाल झालेला तू, शिवाच्या वर उचललेल्या हातांच्या रानावर गोल पसर. रंग तोच, ओलावा तोच, आकार तोच. शिवाची कातड्याची हौस परस्पर भागेल आणि भवानी निर्धास्त होऊन, डोळे स्थिर ठेवून तुझी भक्ती बघेल. जगाचा संहार करणारा देव एका ओळीत घरातला हट्टी नवरा होतो आणि मेघ त्या जोडप्यातली कुरबुर मिटवतो. शब्दही बघा: नगाऱ्याच्या श्लोकात शिवाला ‘शूली’ म्हटलंय, इथे जनावराचं कातडं हवं तर ‘पशुपती’. आमच्या शनिवारच्या बैठकीत एक गृहस्थ होते, अत्यंत भाविक. हा श्लोक आला की हात जोडत. त्यांना एकदाही हसू आलं नाही. गजासुराची गोष्टच माहीत नसलेल्या एका तरुणाला श्लोक लाल ढगाचं सुंदर चित्र म्हणून आवडला, पण पार्वती मध्येच का येते ते कळेना. दोघांचाही अर्धा श्लोक गेला.

या काव्याचा महाराष्ट्राशी असलेला धागा तर पहिल्याच श्लोकात आहे. यक्ष राहतो रामगिरीवर, सीतेच्या स्नानाने पवित्र झालेल्या पाण्याजवळ. आणि बाराव्या श्लोकात त्या डोंगराच्या उतारांवर लोकांना वंद्य अशी रघुपतीची पावलं उमटलेली आहेत. इतिहाससंशोधक वा. वि. मिराशींनी हा रामगिरी म्हणजे नागपूरजवळचं रामटेक, असं मांडलं. सगळ्यांना ते मान्य नाही, छत्तीसगडातल्या रामगढचा दावाही आहे. पण मिराशींच्या बाजूचा एक पुरावा मला फार बोलका वाटतो. दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी आणि विदर्भावर राज्य करणाऱ्या वाकाटकांची राणी प्रभावतीगुप्ता हिचा एक ताम्रपट रिद्धपूरला सापडला. तो दिलाय ‘रामगिरिस्वामिनः पादमूलात्’, रामगिरीच्या स्वामीच्या पायाशी बसून. म्हणजे पाचव्या शतकात आपल्याकडे एका रामगिरीवर देवाची पावलं पुजली जात होती आणि तिथून राजशासनं निघत होती. कालिदासाची ‘रघुपतिपदं’ ही कल्पनेची पावलं नव्हेत, त्या काळी लोक त्यांच्या पाया पडायला जात असणार. मुळात निरोप पाठवायची कल्पनाही रामायणातली. हनुमानाचा निरोप मनात धरून हे काव्य केलं असं म्हणतात, हे मल्लिनाथानेच नोंदवलंय. आणि कालिदास ते लपवतही नाही: मेघ बोलू लागला की यक्षपत्नी कशी मान वर करेल? मारुतीकडे सीतेने केली तशी.

कालिदासाच्या शाकुंतल नाटकाबद्दल सांगायचं तर आधी माझी फजिती. नांदीत, म्हणजे नाटकाच्या सुरुवातीच्या मंगल श्लोकात, शिवाच्या आठ प्रत्यक्ष रूपांना नमन आहे: ब्रह्मदेवाने पहिल्यांदा निर्माण केलेलं ते पाणी, विधिपूर्वक हवन केलेलं वाहून नेतो तो अग्नी, मग ‘या च होत्री’, मग काळ ठरवणारे सूर्य-चंद्र, शब्द हा ज्याचा गुण ते आकाश, सगळ्या बीजांचं मूळ ती पृथ्वी, आणि प्राण देणारा वायू. या ‘होत्री’चा अर्थ मी नोकरीच्या पहिल्या सहा वर्षांत बिनदिक्कत ‘होता, म्हणजे ऋत्विज’, दुसऱ्यासाठी यज्ञ करणारा पुरोहित, असा सांगितला. होता हा ऋग्वेदाचा ऋत्विज, हे खरंच आहे. एकदा एक वृद्ध याज्ञिक वर्गाबाहेर थांबून ऐकत होते. तास संपल्यावर म्हणाले, “पोरी, ऋत्विज दक्षिणा घेऊन घरी जातो. यज्ञ कुणाचा? यजमानाचा. आठवी मूर्ती यजमान.” घरी जाऊन राघवभट्टाची टीका उघडली, तर तिथे तेच. ती मी आधीच उघडायला हवी होती. पण अर्थापेक्षा त्यांचं ते वाक्य मला जास्त शिकवून गेलं. पाणी, अग्नी, सूर्य यांच्या रांगेत कालिदासाने एक माणूस बसवलाय, यज्ञाला बसलेला साधा गृहस्थ. नाटकाच्या पहिल्या श्लोकात.

चौथ्या अंकात तर यज्ञाशिवाय पाऊल पुढे पडत नाही. शकुंतलेला वाढवणारे कण्व प्रवासातून परत येतात तेव्हा आकाशवाणी त्यांना सांगते: तुझ्या मुलीने दुष्यंताचं तेज धारण केलंय, तिला ‘अग्निगर्भां शमीमिव’ समज. दसऱ्याला शमीची पूजा आपण करतो, पण का, ते विसरलोय. यज्ञाचा अग्नी घुसळून काढायच्या अरणी शमीवर उगवलेल्या पिंपळाच्या लाकडाच्या करायच्या, असा विधी आहे; शमीच्या पोटात अग्नी झोपलेला असतो अशी श्रद्धा त्यामागे. म्हणजे गर्भार मुलीविषयी ही केवढी मोठी गोष्ट बोलली गेली! कलंक नाही, अनाचार नाही. पवित्र अग्नी पोटात घेऊन उभं असलेलं झाड. मग कण्व म्हणतात, धुराने डोळे भरलेल्या यजमानाची आहुती नशिबाने अग्नीतच पडली. बापाला न विचारता लग्न करून बसलेल्या लेकीबद्दल यापेक्षा समजूतदार वाक्य मला कुठल्याही भाषेत आठवत नाही. प्रेमाने आंधळी झाली होती, हे त्यात आहे. चुकली असती, हेही आहे. चुकली नाही, हेही आहे. चुलीपुढे बसून डोळ्यांत धूर गेलेल्या कुणालाही ते कळेल.

पुढे निरोप देताना कण्व तिला अग्नीभोवती प्रदक्षिणा घालायला लावतात आणि आशीर्वाद देतात. तिथे नाटकात सूचना आहे, ‘ऋक्छन्दसा’. म्हणजे कालिदास इथे नेहमीचं वृत्त सोडून वेदातल्या ऋचेचा छंद धरतो: ‘अमी वेदिं परितः कॢप्तधिष्ण्याः...’ मोठ्याने वाचलंत तर कानालाच फरक कळतो. भाषांतरात हा बदल जवळजवळ नेहमीच बुडतो.

आता तुम्ही म्हणाल, हा तर यज्ञाचा भाटच झाला. थांबा. सहाव्या अंकाच्या सुरुवातीला अंगठी सापडलेला कोळी येतो, त्याला शिपाई पकडतात, त्याच्या धंद्याची टर उडवतात. तो मागधी प्राकृतात उत्तर देतो: जन्माने आलेला धंदा कितीही निंद्य असला तरी सोडू नये, श्रोत्रिय, म्हणजे वेद शिकलेला, ब्राह्मण मनाने दयाळू असला तरी यज्ञात पशू मारायचं दारुण काम करतोच की. ज्या नाटकाच्या नांदीत यजमान शिवाची मूर्ती आहे, त्याच नाटकात कोळ्याच्या तोंडी हे आहे, आणि कुणी त्याला खोडून काढत नाही. बक्षीस मिळाल्यावर तो त्यातला अर्धा वाटा शिपायांना देतो आणि सगळे मिळून दारूच्या गुत्त्यावर जातात.

शृंगाराच्या तक्रारीचं थोडक्यात. ती तक्रार आजची नाही. ‘जगतः पितरौ वन्दे पार्वतीपरमेश्वरौ’ असं रघुवंशाच्या आरंभी म्हणणाऱ्या कवीने कुमारसंभवाच्या आठव्या सर्गात त्याच जोडप्याचा समागम रंगवला. काव्यशास्त्रकार आनंदवर्धनाला ते अनुचित वाटलं, पण कवीच्या प्रतिभेने तो दोष झाकला जातो असंही तो म्हणाला. त्याच्यानंतरच्या मम्मटाला ते आई-बापांच्या संभोगाचं वर्णन केल्यासारखं वाटलं. या टीकाकारांनी औचित्याचा हिशेब काव्याच्या कसोटीवर मांडला. कवीला पाखंडी कुणी ठरवलं नाही. आठवा सर्ग टिकला, मल्लिनाथाने त्यावर टीकाही लिहिली.

‘फक्त हिंदूंचं का’ या भागाला सरळ उत्तर: नाही. अश्वघोष बौद्ध भिक्षू, त्याचं बुद्धचरित कालिदासाच्या आधीचं असं बहुतेक अभ्यासक मानतात. ज्याच्या कोशाशिवाय आपलं पान हलत नाही तो अमरसिंहही परंपरेने बौद्धच मानला जातो. जैनांनी लिहिलेल्या संस्कृत काव्याला तर अंत नाही. बंगालमधल्या विद्याकर या बौद्ध पंडिताने साधारण ११०० च्या सुमारास सुभाषितरत्नकोश नावाचा निवडक श्लोकांचा संग्रह केला. त्यात आधी बुद्धाचे श्लोक, पण मग शिवाचे, विष्णूचे, सूर्याचेही वेगळे विभाग. भिक्षूला शिवावरचा चांगला श्लोक टाकवेना. आणि १९५७ साली तो संग्रह संपादून छापला कुणी? वासुदेव विश्वनाथ गोखले यांच्या जोडीने दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी. गोव्यात जन्मलेले, पेशाने गणिती, विचाराने मार्क्सवादी. भर्तृहरीच्या श्लोकांचं चिकित्सक संपादनही त्यांचंच. ‘मी धार्मिक नाही’ ही तुमची अडचण त्यांना आडवी आली नाही. देवळात काय चालतं ते त्यांना नीट ठाऊक होतं.

देऊळ आणि नाटक यांचं नातंही असंच व्यवहाराचं आहे. विदर्भातल्या पद्मपूरचा नाटककार भवभूती, सोमयाग करणाऱ्या तैत्तिरीय घराण्यातला. त्याची तिन्ही नाटकं कालप्रियनाथ या देवाच्या यात्रेत झाल्याचं त्याच्याच प्रस्तावनांत आहे. ज्याने सिंधुदुर्गात जत्रेच्या रात्री देवळासमोर दशावतार पाहिलाय, त्याला यात्रेत नाटक कसं असतं हे समजावून सांगावं लागत नाही. पहाटेपर्यंत चालणारं, मुलं पेंगलेली, खाज्याचा वास. भवभूतीच्या गंभीर पानांवर मला अधूनमधून तो वास येतो.

तर तुम्ही काय करा. मेघदूत सोडू नका. शेजारी पंचांग ठेवा, साधं भिंतीवरचं कॅलेंडर असलं तरी चालेल. अमरकोशाच्या पहिल्या कांडातली देवांची नावं वाचून काढा. पाठ नको, नुसती ओळख हवी, म्हणजे ‘शूली’ आणि ‘शार्ङ्गपाणी’ला अडखळणार नाही. घरात कुणी म्हातारं माणूस असेल तर त्यांना विचारा की पूर्वी काय काय करायचे. अर्ध्या टिपा तिथेच मिळतील. मल्लिनाथाची संजीवनी ही टीका जड वाटली तरी उघडी असू द्या. ‘मुळात नाही ते लिहिणार नाही, नको ते बोलणार नाही’ अशी त्याने सुरुवातीला हमी दिली आहे आणि बऱ्यापैकी पाळली आहे. मराठी अनुवाद कुसुमाग्रजांचा आहे, बोरकरांचा आहे, शान्ता शेळके यांचा आहे. कोणताही घ्या, पण मूळ श्लोक आधी दोनदा मोठ्याने म्हणा. मेघदूताच्या मंदाक्रांता वृत्तात पहिली चार अक्षरं गुरू, मग पाच लघू धावतात. ते पाच लघू नीट आले की पुढचं आपोआप येतं. नाही आले तर शनिवारी संध्याकाळी आम्ही बसतोच, सध्या उज्जयिनीतच अडकलोय.